डावीकडे दात्यांचे, उजवीकडे सडकेचे

आमच्या वडिलांनी बायको सोडून आयुष्यात सगळं पारखून घेतलं, असं आई म्हणायची.

बाहत्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. देवळाली प्रवऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवर लष्कराच्या लिलावातून आणलेली जीप होती. वडील तिच्यातून मला रोज राहुरीच्या स्टँडवर सोडायचे; तिथून एसटीने नगरला कॉलेज. निम्मी वाट काळ्या मातीची, निम्मी डांबरी. पावसात काळी माती जीपला धरून बसायची आणि माझी एसटी जायची. थोरल्या काकांना मुळातच माझं कॉलेज पसंत नव्हतं. ते म्हणाले, "सहामाहीचा एक जरी पेपर बुडला, तर पोरगी घरी बसंल."

म्हणून वडील मला घेऊन नगरला टायर बघायला गेले. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एक जाड दात्यांचे, चिखलात पकडणारे, पण डांबरीवर घोंघावणारे. दुसरे सपाट नक्षीचे, सडकेवर शांत, चिखलात बिनकामाचे. वडील बैलबाजारात फिरावं तसे टायरांभोवती फिरले. एकाला थाप मारली, दुसऱ्याच्या दात्यांत बोटं घालून पाहिली. शेपूट असतं तर तेही पिरगाळलं असतं.

"दोन ह्यातले द्या, दोन त्यातले. डाव्या अंगाला दात्याचे, उजव्या अंगाला सडकंचे."

त्यांचं शास्त्र असं की डांबरी एका गाडीपुरतीच. समोरून ट्रक आला की डावी चाकं मातीत उतरणार, उजवी वर राहणार. शिवाय जोडीतल्या बैलाची बाजू ठरलेली असते, तशी चाकाचीही असावी. दुकानदार म्हणाला, "तुमी चारी एकसारखेच न्या. न्हाईतर दात्यांचे दोन्ही मागं तरी टाका, इंजनाचा जोर मागल्याच चाकांना असतो." वडिलांनी ऐकलं नाही. मला तर त्यांचं म्हणणं बिनतोड वाटलं. मी तेव्हा कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होते.

दात्यांचे टायर बोटभर उंच निघाले. जीप उजवीकडे कलून चालायची आणि उजवीकडेच ओढायची. वडील स्टिअरिंगला लोंबकळून तिला डावीकडे आणायचे, मी घसरत त्यांच्या खांद्यावर जायची. लोक थांबून बघायचे. वडिलांना वाटायचं, कौतुकाने.

पहिल्या पेपरला पावसाने गाठलंच. जीप रुतली. डावी चाकं जागची हलेनात, मागचं उजवं भिंगरीसारखं फिरत चिखल उडवू लागलं. काका गंमत बघायला आले होते. पहिलाच गोळा त्यांच्या धोतरावर बसला. मला रडू फुटलं.

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते वडिलांकडे वळले. मग म्हणाले, "म्होरचं डावं काढ आन् मागं उजवीकडं टाक."

"दादा, डाव्याला उजवीकडं जुंपायचं?"

"बैल हाय का त्ये? पोरीचा पेपर हाय."

काकांनीच धोतर खोचलं आणि चिखलात बसून फळीवर जॅक लावला. चाकांची अदलाबदल झाली, मागे दोन्ही दात्यांचे आले आणि जीप गुरगुरत बाहेर पडली. काकाही चढून स्टँडपर्यंत आले. एसटी सुटता सुटता मी आत चढले.

खिडकीतून पाहिलं तर चिखलाने माखलेले दोघे भाऊ जीपपाशी भांडत होते. वडील म्हणत होते, दाते पुढे घातले असते तर अजून लवकर निघाली असती. ते भांडण मी बी.ए. होईपर्यंत पुरलं. कोणाचं खरं ते बघायला काका रोज सकाळी जीपमध्ये येऊन बसायचे, वडिलांना उशीर झाला की हॉर्न वाजवायचे, आणि माझं कॉलेज बंद करायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं.