बाग त्यांची, पर्स माझ्याकडे

"मोठ्यांनी हातात पर्स दिली की धरायची. 'का?' असं विचारायचं नाही."

दोन हजार तीन साली मी अमेरिकेत आले, त्या दिवशी एअरपोर्टवरून घरी जाताना गाडीत सुधामावशीनं मला दिलेला हा पहिला नियम. मी पुण्याहून शिकागोला एमएस करायला आले होते. मला वाटलं, मावशी थंडीबद्दल सांगेल, बसेसबद्दल सांगेल. तिनं पर्सबद्दल सांगितलं. अर्थातच मी विचारलं, "का?"

गाडी चालवणारे काका आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "झालं! पहिल्याच एक्झिटला चुकली!"

आता पाच वर्षं झाली, आणि आमच्या ग्रुपचे किस्से सांगायला बसले की मला थांबता येत नाही. किस्से साठतात ते मांडीवरच्या पर्सेससारखे. एक काकू 'आलेच हं' म्हणून ठेवून जातात, ते बघून दुसऱ्या ठेवतात, आणि मग आपल्याला उठताच येत नाही!

*

ग्रुप म्हणजे शिकागोजवळच्या शॉमबर्गमधली दोन घरं. एक मावशी-काकांचं; त्यांची मुलगी नेहा इथेच जन्मलेली, मी आले तेव्हा हायस्कूलमध्ये होती. दुसरं घर जोगळेकर डॉक्टरकाका आणि काकूंचं. डॉक्टरकाका रिटायर्ड भूलतज्ज्ञ आहेत. प्रॅक्टिस त्यांनी अजून सोडलेली नाही. फक्त आता इंजेक्शनऐवजी व्हिडिओ वापरतात!

आणि 'बाग' म्हणजे कोपनहेगनची बाग. आमच्यात नुसतं 'बाग' म्हटलं की तीच. शहराच्या मधोमध, दीडशेहून जास्त वर्षांची जुनी, फुलं, तळं, मोर, रात्री दिवे, आणि लाकडाच्या डोंगरावरून धावणारी रोलर कोस्टर. शाळेत असताना रद्दीत आलेल्या एका मासिकात मी तिचा फोटो पाहिला होता. त्या लाकडी गाडीवर ब्रेक मारायला खराखुरा माणूस बसतो, असं खाली छापलं होतं. तो फोटो कापून मी भूगोलाच्या वहीला कव्हर घातलं. वर्षभर भूगोलात मार्क कमी पडले, कारण वही उघडायच्या आधीच मी त्या गाडीत बसलेली असायचे.

मला त्या गाडीत बसायचं होतं. एवढंच. बाकी युरोप तुम्ही ठेवा.

*

पहिल्याच उन्हाळ्यात सगळे जण मला इथल्या एका मोठ्या अम्यूझमेंट पार्कमध्ये घेऊन गेले. खास माझ्यासाठी हं! आत शिरल्यावर काकूंनी एक सावलीतला बाक शोधला, मला बसवलं, आणि पर्स माझ्या मांडीवर ठेवली. मग मावशीची पर्स. मग कॅमेऱ्याची बॅग, गाडीच्या किल्ल्या, नेहाचं जॅकेट आणि पुऱ्यांचा डबा.

"लॉकर आहेत की इथे," मी म्हटलं.

"घरचं माणूस असताना लॉकर कशाला?" काकू म्हणाल्या आणि रांगेत पळाल्या.

थोड्या वेळानं एक अमेरिकन आजीबाई माझ्यासमोर थांबल्या. काकूंची जरीची पर्स उचलून त्यांनी उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "हाऊ मच?"

मी म्हटलं, "ट्वेंटी."

"फिफ्टीन?"

मी विचार करत होते, तेवढ्यात काकू आल्या. सौदा मोडला!

परतीच्या वाटेवर माझा चेहरा बघून काकू मावशीला म्हणाल्या, "हिला राइड्सची आवडच नाही वाटतं. दिवसभर बाकावरून हलली नाही!"

*

पुढच्या वर्षी स्कॅन्डिनेव्हियाची टूर ठरली. बागेसकट! डॉक्टरकाका मोठ्या मनानं म्हणाले, "केतकी, तू पण चल ना!"

निघायला तीन आठवडे होते. मी म्हटलं, "मला व्हिसा लागेल. त्याला वेळ लागतो."

"व्हिसा?" डॉक्टरकाका खरोखर चकित झाले. "आम्हाला तर नाही लागत!"

हाच माणूस चाळीस वर्षांपूर्वी मुंबईत व्हिसाच्या रांगेत चक्कर येऊन पडला होता, ही गोष्ट आम्ही दर दिवाळीत ऐकतो. अमेरिकन पासपोर्ट हातात आला की स्मरणशक्तीवर असा परिणाम होतो, हे कोणत्याच मेडिकल कॉलेजात शिकवत नसावेत!

"मग एवढं कर," मावशी म्हणाली. "आम्ही नसताना कढीपत्त्याला पाणी घाल."

मी रोज पाणी घातलं. आणि पाणी घालता घालता त्या झाडाला मी जे जे ऐकवलं, ते मावशीला कळलं तर ती मला घरात घेणार नाही. झाड मात्र चांगलं तरारलं. निदान कोणीतरी ऐकून घेतलं म्हणायचं.

*

सगळे परत आले. मी जेट लॅगसुद्धा उतरू दिला नाही. "बाग कशी होती?"

काका म्हणाले, "छान. आपलं पेशवे पार्कच, फक्त स्वच्छ."

"तळ्यातल्या होड्या?"

"नैनितालला बसलो होतो की होडीत. परत कशाला?"

"मोर होते ना तिथे? मोकळे फिरतात म्हणे."

काकू म्हणाल्या, "मोर आपल्याकडे पण असतात. म्हणून फोटो नाही काढला."

मग कळलं की मोरांशी थोडा संबंध आला होता. टूरवाल्यानं दिलेल्या वेळातला निम्मा वेळ यांनी सावली शोधून तिखटमिठाच्या पुऱ्या खाण्यात घालवला. एक मोर आला आणि काकूंच्या हातातली पुरी घेऊन गेला. दोन मिनिटांनी झुडपामागून अशी काही केका ऐकू आली की बँडवाले वाजवायचे थांबले!

"डॅनिश मोर," डॉक्टरकाका म्हणाले. "सवय नाही बिचाऱ्याला."

एवढ्या लांब जाऊन बाग कोणी अनुभवली असेल, तर त्या मोरानं.

*

नेहाचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटायचा. वय सोळा, आणि लाकडी गाडीत लागोपाठ तीन वेळा बसून आली! मी तिला तिच्या खोलीत गाठलं.

"कशी होती गाडी?"

"इट वॉज ओके. लाइक, ओल्ड."

ओके! मी पलंगाची कड घट्ट धरली. "आणि तो ब्रेक मारणारा माणूस? गाडीवरच बसतो ना तो?"

"व्हॉट माणूस?"

"अगं, तुमच्याबरोबर गाडीवर एक माणूस होता की नाही?"

नेहानं आठवून पाहिलं. "ओह, दॅट गाय! आय थॉट ही जस्ट केम अलोन."

*

ब्रेकवरून आठवलं. मावशी गाडीत कधीही स्टिअरिंगवर बसत नाही, पण शेजारच्या सीटवरून सतत ब्रेक मारते. पायाखालचं कार्पेट तिथे झिजलं आहे. मी ड्रायव्हिंग शिकत होते तेव्हा एकदा डॉक्टरकाका मागे बसले होते. मावशीचा पाय चाललेला बघून ते म्हणाले, "वहिनी, त्या बागेतल्या गाडीवर तुम्हालाच ठेवायला हवं होतं. कोणी वर चढलंच नसतं!"

आम्ही सगळे खूप हसलो. मावशीनं फक्त पाय बाजूला घेतला.

*

आता व्हिडिओ. त्या बागेचा व्हिडिओ डॉक्टरकाका डीव्हीडी करून खिशात घेऊन फिरतात. कोणाच्याही घरी जेवणं झाली की बेसमेंटमध्ये लागतो. आवाज ते कधी बंद करत नाहीत, पण पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत त्यावर स्वतः बोलत राहतात. त्यामुळे बागेत बँड वाजत होता की मोर ओरडत होता, हे आम्हाला अजून माहीत नाही.

व्हिडिओत बाग फार कमी आहे. ग्रुपच्या पाठी भरपूर आहेत. आणि जवळजवळ प्रत्येक शॉटच्या कोपऱ्यात एक बाक आहे, त्यावर मावशी, आणि मावशीच्या मांडीवर सगळ्यांच्या पर्सेस. मी नव्हते ना! बाक दर वेळी वेगळा, पर्सेस त्याच. लाकडी गाडीच्या शॉटमध्ये एकदा ती अर्धी उठते आणि परत बसते.

"पायाला मुंग्या आल्या असतील," डॉक्टरकाका दर वेळी म्हणतात.

खोटं कशाला बोलू, मला मावशीचाही हेवाच वाटायचा. बाक तर बाक, पण कोपनहेगनचा होता!

*

दोन वर्षांनी ते परत गेले. परत! "पहिल्या वेळी टूरवाल्यानं घाई केली," असं कारण. मला तेव्हा नुकतीच नोकरी लागली होती, कागदपत्रं अडकलेली होती, आणि वकिलानं सांगितलं होतं की देशाबाहेर पाऊल टाकू नको.

येताना सगळ्यांनी माझ्यासाठी आठवणीनं फ्रिज मॅग्नेट आणले. मावशीनं एक, काकूंनी एक, नेहानं एक. तिन्ही बागेचे, तिन्ही सारखे. माझी मैत्रीण घरी आली, फ्रिज बघितला आणि म्हणाली, "वॉव यार, तीनदा जाऊन आलीस?"

मी तिला पाणी दिलं. फ्रिजमधलं नाही. नळाचं.

*

आणि हे परवाच्या शनिवारचं.

मावशीकडे जेवणं झाली. आम्ही सगळे बेसमेंटमध्ये. टीव्हीवर बाग लागली होती आणि डॉक्टरकाका तिच्यावर बोलत होते. ज्यानं तो व्हिडिओ पाहिलेला नाही असं खोलीत कोणीच नव्हतं. बोलता बोलता मध्येच त्यांनी जाहीर केलं, "आणि या उन्हाळ्यात आपण परत निघतोय! या वेळी केतकी आपल्याबरोबर. हिचं तिकीट आमच्याकडून!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नेहासुद्धा फोनमधून डोकं काढून "फायनली!" म्हणाली. गेल्या डिसेंबरात मी पुण्याला गेले तेव्हा मुंबईत जाऊन अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का मारून आले होते. वकिलाची आडकाठी नाही, कागद अडकलेले नाहीत, तिकडचा व्हिसा काढायला हातात पुरेसे महिने. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. भूगोलाच्या वहीचं ते कव्हर दिसायला लागलं. पाच वर्षांत या माणसांबद्दल जे जे बोलले होते, ते मी मनातल्या मनात परत घ्यायला लागले. कढीपत्त्यापासून सुरुवात केली.

"बरं झालं बाई," जोगळेकर काकू म्हणाल्या. "सुधाचे खांदे मागच्या वेळी फार दुखले. केतकी असली की पर्सेसची काळजी नाही. आणि हिला राइड्सची आवड नाहीच. पहिल्यापासून बाकावरच बसते!"

"खरंय," काका म्हणाले.

असं म्हणून काकू वरून श्रीखंड आणायला उठल्या, आणि उठता उठता सवयीनं स्वतःची पर्स माझ्यासमोर धरली. तीच, जरीची. "धर गं जरा."

मी हात पुढे केला नाही.

"अगं, धर ना!"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"मी बागेत येणार," मी म्हटलं. "स्वतःच्या तिकिटावर येणार. त्या लाकडी गाडीत पहिल्या डब्यात बसणार. आणि पर्स धरणार नाही. तिथेही नाही, इथेही नाही. कोणाचीच नाही."

"केतकी!" मावशी म्हणाली. "का पण?"

"'का?' असं विचारायचं नाही."

काकूंचा हात पर्ससकट हवेत राहिला. काका चष्मा पुसायला लागले. आणि डॉक्टरकाका, जे या व्हिडिओवर आजपर्यंत एक मिनिट गप्प बसले नव्हते, ते गप्प!

त्यामुळे बागेचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

बँड वाजत होता. लाकडी डोंगरावरून गाडी धडधडत खाली आली, लोक ओरडले. फाटकापाशी आपल्या लोकांच्या पाठी दिसत होत्या. आणि कोपऱ्यातल्या बाकावरून मावशीचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

"आता मी जाऊ का एकदा? कोणी जरा धरता का हे?"

पाठी वळल्या नाहीत. मावशी सगळ्या पर्सेस सावरत बाकावरून अर्धी उठली.

मग अगदी जवळून, कॅमेऱ्याच्या मागून, डॉक्टरकाकांचा आवाज आला.

"वहिनी, जरा खाली बसा ना. फ्रेममध्ये येताय!"