कानात सांगितलेला पत्ता

माझ्या भाच्याचं नाव मी ठेवलं. त्याला दुसरी आत्या नव्हती, म्हणून पाळण्यावर वाकून त्याच्या कानात मीच कुर्र केलं. पुढे शिकायला तो वालूरहून मानवतला आला, आमच्याच घरी राहिला, दहावी होईपर्यंत आमच्या ताटात जेवला. उपकार म्हणून सांगत नाही. भावाचं पोर होतं, ठेवून घेतलं. पण पुढचं कळायला एवढं माहीत असलेलं बरं.

तो पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत साहेब झाला. माझी नात शिकून घरी बसली होती, तिला त्यानंच आपल्या हाताखाली लावून घेतलं. नात्यानं तो तिचा काका. काम घरूनच करायचं होतं. मधल्या खोलीत टेबल आलं, लॅपटॉप आला, लाईट जाते म्हणून इन्व्हर्टर आला. मी तिथंच खाली बसून तूर निवडायची. पोरगी दिवसभर एकटी बोटं आपटत बसायची, मला ते बरं वाटायचं नाही.

एकदा विचारलं, "सकाळपासून काय टकटक करायलीस?"

"प्रॉक्सी कंटेनरचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावायलेय, आजी."

"मी चौथी शिकलेली हाय. नीट सांग."

तिनं नीट सांगितलं. दुकानाच्या ॲपवर लोक माल मागवतात. ती मागणी थेट आत जात नाही, आधी दाराशी बसलेल्या प्रोग्रॅमकडे जाते. तो प्रॉक्सी. आत कुठल्या मशीनकडे पाठवायचं, तो पाठवतो. असे पुष्कळ प्रॉक्सी, प्रत्येक आपल्या वेगळ्या डब्यात, त्या डब्याला कंटेनर म्हणायचं. आतल्या मशीनचा पत्ता बाहेर एका जागी लिहून ठेवायचा, तेच ते व्हेरिएबल; डबा तो सुरू होताना एकदाच वाचतो.

"मागून पत्ता बदलला तर?"

"चालू डब्याला कळत न्हाई. जुनंच धरून बसतो. बंद करून नवा सुरू केला की नवं वाचतो."

"म्हणजे बारसं. जलमल्यावर कानात सांगितलं तेच खरं."

ती हसली. "हां, तसंच. फक्त आमच्याकडं रोजच बारसं."

त्यानंतर ती मला घरातल्या गोष्टीसारखं सगळं सांगायची. म्हणून पुढं काय झालं ते मला ऐकीव नाही, समोरच झालं.

भाच्यानं काहीतरी तपासायला म्हणून त्या पत्त्याच्या जागी चाचणीच्या मशीनचा पत्ता घालून ठेवला होता. चाचणीचं मशीन म्हणजे खोटं दुकान, तिथं मागणी गेली तर माल कुणालाच मिळत नाही. चालू डबे जुनाच पत्ता धरून होते, त्यामुळं सगळं सुरळीत होतं. नातीच्या ते नजरेस पडलं. ती जेवत होती, फोन स्पीकरवर होता.

"काका, हा चाचणीचा पत्ता दिसायलाय. बदलू का?"

"हात लावू नको. माझं काम चालू हाय. मी बदलतो."

दोन-तीन दिवसांनी त्याचाच फोन आला. सगळे प्रॉक्सी बंद करून नव्यानं सुरू कर म्हणाला.

"पत्ता बदलला ना काका?"

"बदलला, बदलला. किती विचारतीस? कर रिस्टार्ट."

तिला स्वतः उघडून बघता आलं असतं. तिनं बघितलं नाही. काका बदलला म्हणाला, त्यावर परत जाऊन तपासणं म्हणजे त्याला खोटं पाडणं, असं आमच्या घरात मानतात. दुसरा कुणी साहेब असता तर तिनं बघितलं असतं.

त्यानं बदललेला नव्हता. नवे डबे सुरू झाले, त्यांनी चाचणीचा पत्ता वाचला आणि अर्धा दिवस लोकांच्या मागण्या त्या खोट्या दुकानात गेल्या. त्या टीममध्ये सगळे एकाच लॉगिननं आत जायचे, त्यामुळं पत्ता कुणी घातला हे मशीनला सांगता येत नव्हतं. सांगणार ते हे दोघंच.

त्याचा फोन आला तेव्हा आवाज एकदम मऊ.

"पोरी, तू एवढंच म्हण, तपासायचं राहून गेलं. तू नवी हायस, समज देऊन सोडतील. माझ्यावर आलं तर दोघंही जाऊ. मी हाय ना."

मी म्हणाले, "न्हाई म्हण." नात म्हणाली, "काका हाय आजी, सांभाळून घेईल."

मीटिंग लॅपटॉपवर, इंग्रजीत झाली. मला नातीचं तोंड तेवढं वाचता आलं. तिनं चूक कबूल केली आणि मग भाचा बोलायला लागला. त्याचा आवाज मी ओळखते. मधेच नातीनं मान वर केली, ती तशीच राहिली.

संपल्यावर म्हणाली, "तो म्हणला, मी तिला दोनदा सांगितलं होतं पत्ता बदल म्हणून, तिनं ऐकलं न्हाई."

आठवड्यात तिचा लॅपटॉप कुरियरनं परत गेला.

पावसाळा सरल्यावर भाचा गाडी घेऊन आला. मुलगी झाली होती, बारशाचं बोलावणं घेऊन आला. पाया पडला. नात आतून बाहेर आली नाही.

"आत्या, मला बहीण न्हाई. माझ्या कानात तू नाव सांगितलंस, माझ्या लेकीच्याही तूच सांगायचं."

"येते की. आधी फोन लाव."

"कुणाला?"

"तुझ्या साहेबाला. पत्ता कुणी घातला, सांग. माझ्यासमोर सांग. मग साडी नेसून गाडीत बसते."

"आत्या, झालं गेलं. घरातली गोष्ट हाय."

"घरातली होती तर बाहेरच्यांपुढं तिचं नाव का घेतलंस?"

त्यानं खिशातून फोन काढला, बघितला. "हितं रेंज न्हाई."

"वायफाय हाय. तुझ्याच कंपनीचं काम चालायचं त्याच्यावर."

आतून नातीच्या हसण्याचा आवाज आला, वाईट हसू. भाच्यानं फोन खिशात ठेवला. चहा अर्धा टाकून उठला. जाताना म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीवरनं तोडतीस का आत्या?" मी कप उचलला आणि मोरीत ओतला.

नात अजून काम शोधते. आधीचं का सुटलं, असं सगळे विचारतात. ती म्हणते, माझ्याकडून चूक झाली. काकाचं नाव घे म्हटलं तर घेत नाही. त्यावरून आमचं रोज वाजतं.

बारसं झालं. शेजारच्या बाईनं कुर्र केलं म्हणे. मुलीचं नाव काय ठेवलं मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.