एक तरी माणूस दाखवा

आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि शाळेच्या दाखल्यावर हिंदू. भालकीकडच्या खटकचिंचोळीतल्या आमच्या वस्तीत याचं कुणाला नवल नव्हतं. तेव्हा, म्हणजे नव्वद सालच्या आधी, बौद्ध लिहिलं की सवलत जायची, सवलत गेली की वसतिगृह जायचं. हा खोटेपणा आमचा नव्हता, कायद्यानं आमच्या तोंडात कोंबलेला होता. पुढं काढलेल्या पत्रकांत मी हे याहून कडक लिहिलंय.

गुलबर्ग्याला कायदा शिकायला गेलो तेव्हा राज्यघटना शिकवणारे सर भेटले. कन्नड माणूस, लिंगायत घरातला, आवाज खाली. वर्गात स्वतःचं मत म्हणून काही सांगायचे नाहीत. सवलत कुणाला ते ठरवणारा अनुसूचित जातींचा आदेश आमच्यातल्या एकाला मोठ्यानं वाचायला लावायचे आणि विचारायचे, यातून बाहेर कोण राहिलं? मला चीड यायची. मत असेल तर बोला की सरळ. मग कन्नड पेपरात त्यांचा लेख आला. धर्म बदलला म्हणून पाणवठ्यावरची वागणूक बदलत नाही, तेव्हा सवलतही जाता कामा नये, असा. मी त्याचं मराठी केलं, वर माझा तापलेला मथळा चढवला आणि पत्रक छापून भालकीच्या स्टँडवर वाटलं. चर्चा पेटली. गुलबर्ग्यात जाहीर सभा ठरली.

त्याच दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीचा वसतिगृहाचा अर्ज निकालाला आला होता. अर्थात हिंदू म्हणून. सरांना ते माहीत होतं. सभेच्या आधी त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"अप्पा, आज तू उठायचं न्हाई. कुणी कायबी बोलू दे."

मी म्हणालो, पत्रक माझं आहे.

"पत्रक तुझं. खोली बहिणीची."

सर बोलले, चांगलं बोलले. मग मागून एक वकील उठले. त्यांचं म्हणणं, ही सगळी मुलं वसतिगृहात सुखानं राहतायत, गाऱ्हाणं कुणाचं आहे? "तुमचे हे वगळलेले बौद्ध आहेत तरी कुठं? एक तरी माणूस दाखवा."

मी बसलो होतो ती अख्खी रांग आमचीच. सगळ्यांच्या माना खाली. सरांची नजर माझ्यावरून गेली, थांबली नाही.

"आज माझ्याकडं दाखवायला कुणी न्हाई," ते म्हणाले.

सभागृह हसलं. सरांनी माणसं पुस्तकातनं काढलीत, असं कुणीतरी म्हणालं आणि पुढं गावभर तेच चाललं. लेखाचं वजन गेलं. ज्यांच्यासाठी लिहिला ते समोर बसलेले होते.

बहिणीला खोली मिळाली. तिला गुलबर्ग्याला पोचवायला जाताना बसमध्ये मी हे सगळं सांगितलं, जरा हसतखेळतच. ती हसली नाही.

"आन् मला कामून इचारलं न्हाईस?"

"तुझ्यासाठीच तर गप बसलो."

"व्हय. माझ्यासाठी त्येंनी हसं करून घेतलं, आन् तू खाली बघत बसलास. खोली माझी हाय म्हनायलास, मग सोडायची का ठिवायची, ते मी सांगितलं असतं की."

अन्यायाविरुद्ध एवढी पत्रकं लिहिली, पण जिच्या नावावर गप्प बसायचं तिला एक शब्द विचारावा, हे ना मला सुचलं ना सरांना.

पहिल्याच रविवारी ती पत्ता विचारत एकटीच सरांच्या घरी गेली. मी येतो म्हटलं तर नको म्हणाली. तिथं काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलेलं नाही, आणि विचारायला मला तोंड नाही.