उताऱ्यातलं संत्रं

थान शुन्हे यांना इंग्रजीनं चार वेळा नापास केलं. पाचव्यांदा परीक्षेला बसले तेव्हा त्यांचं वय सत्तावन्न होतं आणि केस माझ्यापेक्षाही पांढरे.

आमचं खोरं उभं आहे. खाली नदी, वर ढग, आणि मधल्या साऱ्या उतारावर संत्री. या खोऱ्यातलं जे संत्रं मार्च उलटला तरी झाडावर टिकतं, ते थानभाऊंचं. बाविसाव्या वर्षी ते बागायत केंद्रात नोकरीला लागले आणि चौथ्या हिवाळ्यात त्यांना एका जुन्या झाडाची एकच फांदी वेगळी दिसली. सगळ्या झाडाची फळं गळून गेली होती, त्या फांदीची मात्र घट्ट बसली होती. त्या फांदीचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, काढून त्यांनी दुसऱ्या खुंटावर भरला, त्याचा तिसऱ्यावर. अकरा वर्षं हेच केलं. शेवटी एकतीस झाडं उभी राहिली. आज खोऱ्यातल्या प्रत्येक घराच्या बागेत त्या एकतीस मातृवृक्षांचा डोळा आहे. मी केंद्राचा स्वयंपाकी. त्यांच्यासाठी तेवीस वर्षं भात रांधला, म्हणून हे मला सांगता येतं.

मग तालुक्याहून नियम आला. पुढच्या वर्षापासून मातृवृक्षांचा मळा फक्त 'वरिष्ठ कृषितज्ज्ञ' अशी पदवी असलेल्या माणसाच्या ताब्यात राहील. थानभाऊंची पदवी मधली. वरची मिळायला अनुभव होता, निबंध होते, साहेबांच्या सह्या होत्या. फक्त इंग्रजीच्या परीक्षेत शंभरापैकी साठ गुण नव्हते.

इंग्रजी कशाला, हे विचारायची सोय नव्हती. आमच्या खोऱ्यात इंग्रजी बोलणारा एकच माणूस आला होता, सायकलवरून, रस्ता चुकून. थानभाऊंनी त्याला हातानं वाट दाखवली आणि सहा संत्री दिली. दोघांचं काही अडलं नाही.

यंदा नापास झाले तर मळा शेजारच्या केंद्राच्या कू च्येनफिंगकडे जाणार होता. कू माणूस वाईट नव्हता. पण त्याचा सगळा जन्म भाताच्या बियाण्यात गेलेला, त्याला संत्र्यातलं काही कळत नव्हतं. इंग्रजी मात्र तो पहिल्या झटक्यात पास झाला होता. कसा, ते तो स्वतःच हसत सांगायचा. परीक्षेचं एक जाडजूड पुस्तक असतं. त्यातला एखादा उतारा दरवर्षी जसाच्या तसा येतो. कूनं उतारे वाचलेच नाहीत. कोणत्या मथळ्याखाली कोणती अक्षरं, एवढंच घोकलं. मथळा ओळखायचा आणि ए, सी, सी, बी, डी लिहून मोकळं व्हायचं.

थानभाऊंची मुलगी लीच्यू तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. ती दर रविवारी पहिल्या बसनं यायची आणि माझ्या स्वयंपाकघरात बापाची शिकवणी घ्यायची, कारण तिथं चूल असायची आणि हात गारठत नसत.

"बाबा, कूकाकांसारखी अक्षरं पाठ करा. मी मास्तरीण असून सांगते, करा."

"करून पाहिलं. ज्याला अर्थ नाही ते माझ्या डोक्यात रुजत नाही."

"मला नाही का तुम्ही अर्थ न सांगता जुन्या कविता पाठ करायला लावल्यात? ओट्यावर उभी करून?"

"तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. तुझी माती मऊ होती."

लीच्यूची आई कोपऱ्यात मिरच्यांचे देठ खुडत बसलेली असायची. ती वर न बघता म्हणाली, "मार त्यांना पट्टी. तुला मारायचे तेव्हा मी मध्ये पडले नव्हते, आताही पडणार नाही."

आधी व्याकरण. मला इंग्रजी येत नाही, पण दोन हिवाळे ऐकून ऐकून त्या भाषेचे नखरे मलाही पाठ झाले. आमच्या बोलीत 'काल' म्हटलं की काल, 'उद्या' म्हटलं की उद्या. क्रियापद जागचं हलत नाही. तिकडे मात्र वेळ बदलली की क्रियापदानं कपडे बदलायचे. आज एक, काल दुसरे, आणि कालच्याही आधीचे तिसरेच.

"'काल' लिहिलंय ना वाक्यात?" थानभाऊ बोट आपटायचे. "मग समजलं की काल! पुन्हा क्रियापदाला कशाला छळायचं?"

"नियम आहे बाबा."

"आणि हा कोण? संत्र्याच्या आधी हा बारकासा शब्द उभा आहे तो?"

"एक संत्रं असेल तर तो लागतो. आधी सांगितलेलंच संत्रं असेल तर दुसरा लागतो. पुष्कळ संत्री असली तर पहिला जातो आणि शेपटीला अक्षर लागतं."

थानभाऊंनी पेन्सिल कागदावर ठेवली. "झाड एक असो की शंभर, आपण झाडच म्हणतो. एवढ्यावर आपलं दोन हजार वर्षं भागलं. अरे श्यांग, तुझं काही अडलं का रे कधी?"

"माझं भाताशिवाय काही अडत नाही, भाऊ," मी म्हणालो.

"काका, तुम्ही त्यांच्या बाजूनं बोलू नका," लीच्यू माझ्यावर उखडली.

पण व्याकरण तरी बरं. सहाशे वेळा लिहिलं तर सहाशे एकाव्या वेळी हात आपोआप चालतो, आणि थानभाऊ लिहायला कंटाळणारे नव्हते. खरा जाच होता उताऱ्यांचा. त्यात एक प्रकार असा की उतारा वाचायचा, खाली सात विधानं असतात, आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक लिहायचं: बरोबर, चूक, किंवा उल्लेख नाही. यातलं तिसरं थानभाऊंच्या घशाखाली उतरेना.

एका रविवारी मधमाश्यांचा उतारा होता.

"पाचवं विधान," लीच्यू म्हणाली. "ढगाळ हवेत मधमाश्या जास्त चावतात. तुम्ही काय लिहिलंत?"

"बरोबर."

"कशावरून?"

"चावतात म्हणून."

"उताऱ्यात कुठं लिहिलंय?"

"उताऱ्यात कशाला पाहिजे? मला चावल्यात. या मानेवर, या कानामागे. ढग असला की त्यांचा पारा चढलेलाच असतो. विचार कुणालाही."

"मला कुणालाही विचारायचं नाही! उताऱ्यात नाही ना? मग उल्लेख नाही!"

"म्हणजे मला माहीत असलेली खरी गोष्ट मला माहीत नाही असं लिहू?"

"हो!"

"सही कुणाची त्याखाली?"

लीच्यूनं पुस्तक मिटलं, परत उघडलं, आणि डोळे बंद करून बोलू लागली. "बाबा. ऐका. उतारा म्हणजे साहेब. साहेब म्हणाला सूर्य पश्चिमेला उगवतो, तर त्या पानापुरता तो पश्चिमेला उगवतो. साहेब बोललाच नाही, तर सूर्य आहे की नाही हेही तुम्हाला माहीत नाही. कळलं?"

"कळलं. असले साहेब मी पस्तीस वर्षं पाहतोय."

"मग जमेल तुम्हाला!"

"त्यांचं ऐकलं असतं तर ती एकतीस झाडं तोडून तिथं तुती लावली असती." तुतीचा हुकूम खरंच आला होता, त्यांच्या तिशीत. त्यांनी तो कागद खिशात ठेवला आणि पावसाळा संपेपर्यंत बाहेर काढला नाही.

तरीही ते शिकले, हे मान्य करायला हवं. हिवाळाभर बागेत जाताना ते शब्दांच्या चिठ्ठ्या टोपीत घालून न्यायचे. फळांवर थंडीपासून जपायच्या पिशव्या चढवताना ओठ हलत असायचे. वर धुकं, खाली नदीवरच्या बोटीचा भोंगा, आणि मध्ये शिडीवरचा हा म्हातारा परक्या भाषेतली क्रियापदं भूतकाळात ढकलत असायचा. घरच्या सराव परीक्षेत आधी एकोणपन्नास गुण पडले, मग चोपन्न. परीक्षेच्या आदल्या रविवारी एकसष्ट पडले तेव्हा लीच्यूनं कागद तीन वेळा तपासला आणि आईच्या गळ्यात पडून रडली. थानभाऊ बाहेर जाऊन विनाकारण कुत्र्यावर ओरडून आले.

परीक्षा मार्चच्या शेवटच्या शनिवारी होती. लीच्यूला शाळेचं काम निघालं म्हणून त्यांच्याबरोबर मी गेलो. फाटकापाशी टक्कल पडलेले डॉक्टर, चष्मेवाले इंजिनिअर, दोन आजीबाई होत्या. सगळ्यांच्या काखेत विटेएवढे शब्दकोश. या परीक्षेत कोश आत न्यायला परवानगी असते. थानभाऊंनी आपला कोश बियाण्याच्या पिशवीत घातला होता.

दोन तासांनी ते बाहेर आले ते असे चालत की मला वाटलं, जिंकले. बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "श्यांग, एक अख्खा उतारा मी कोश न उघडता वाचला. एकेक शब्द. जणू आपल्याच गावातला कुणी बोलतोय."

"वा भाऊ! कशाबद्दल होता?"

"संत्र्याबद्दल."

मी मांडीवर थाप मारली. नशीब कधी नव्हे ते दाराशी आलं होतं.

"पण चुकीचा होता," थानभाऊ म्हणाले. "लिहिणाऱ्यानं बाग पाहिलेली नाही. म्हणतो, फळावर नारिंगी रंग चढला म्हणजे ते पिकलं. रंग थंडीनं चढतो रे! आत आंबट असतं तरी चढतो. आणि आपलं फळ उन्हाळ्यापर्यंत ठेवलं तर पिकूनसुद्धा परत हिरवं पडतं. असल्या वाक्यावर विसंबून कुणी बाग तोडली तर?"

मी त्यांच्याकडे वळलो. "मग तुम्ही काय केलंत?"

"दुरुस्त केलं. तीन ठिकाणी."

बस वळणावर वळणं घेत राहिली. मी कोशाच्या पिशवीची गाठ सोडून परत बांधली. बोललो असतो तर शिवी निघाली असती, आणि ते वयानं मोठे.

निकाल मेमध्ये लागला, बागा फुलल्या होत्या तेव्हा. अठ्ठावन्न.

लीच्यू रविवारची वाट न बघता बुधवारीच आली. छत्रीसुद्धा न मिटता स्वयंपाकघरात शिरली.

"दोन गुण! बाबा, दोन! ते तीन तुम्ही जाणूनबुजून घालवलेत. नाही समजलं म्हणून चुकलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. समजूनही चुकवलंत!"

"चुकवलं नाही. चूक होती, तिथं चूक लिहिलं."

"तो कागद होता! कुणी बागायतदार नव्हता वाचणार. एक यंत्र वाचतं तो, यंत्र!"

"माझं नाव होतं त्या कागदावर."

"नावाचं काय घेऊन बसलात! मळा गेला! एकतीस झाडं गेली! त्यांच्यासाठी एक दिवस, एकच दिवस तुम्हाला खोटं बोलता आलं नाही?"

थानभाऊंनी टोपीतली शब्दांची एक चिठ्ठी काढली आणि चुलीत टाकली. लीच्यूच्या आईनं कढईत पाणी ओतलं, ते चर्रकन वाजलं. कुणीच जेवलं नाही. मी रांधलेला सगळा भात दुसऱ्या दिवशी परतून घ्यावा लागला.

जूनच्या पहिल्या गुरुवारी कू च्येनफिंग ताबा घ्यायला आला. हातात तालुक्याची यादी, त्यात एक ते एकतीस आकडे. मळ्यात मात्र आकडे नव्हते. पाट्या वाऱ्यानं कधीच गेल्या होत्या, आणि थानभाऊंना त्यांची गरज नव्हती. त्या उतारावर साधीही झाडं होती, शंभराच्या वर, त्यांत ही एकतीस मिसळलेली. कू त्यात तासभर फिरला आणि घामाघूम होऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर येऊन बसला.

"भाऊ," तो थानभाऊंना म्हणाला, "मला यातलं एकही ओळखू येत नाही. मी कशाला लपवू? असं करू या. कागदावर मी, झाडापाशी तुम्ही. मी सही करीन, तुम्ही आजवर करत आलात तसंच करा. कुणाला पत्ता लागणार नाही."

मला वाटलं, सुटलो. याहून चांगलं काय व्हायचं होतं? लीच्यूच्या आईनं तर कूसाठी चहा टाकलासुद्धा.

थानभाऊ म्हणाले, "नाही."

"अहो!" त्यांच्या बायकोनं चहाचं भांडं आपटलं. "आता काय? आता यातही चूक दुरुस्त करायचीय का?"

"तीन वर्षांनी मी निवृत्त होणार. मग डोळे कोण काढणार? हा नुसता सही करील आणि पोरं कलमासाठी भलत्याच झाडाच्या काड्या नेतील. पाच वर्षांत खोऱ्यातलं संत्रं डिसेंबरात गळायला लागेल." ते कूकडे वळले. "ज्याचं नाव, त्याला आलं पाहिजे. तू दर गुरुवारी येशील. एकतीसच्या एकतीस ओळखेपर्यंत."

"माझं वय बावन्न आहे, भाऊ!"

"मी सत्तावन्नाव्या वर्षी भूतकाळ शिकलो."

कूनं माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं.

तेव्हापासून दर गुरुवारी कू येतो. पानाचा देठ बघ, सालीवर नख ओढ, फुटव्याचा कोन बघ, पान चुरगाळून वास घे. थानभाऊ त्याला एका झाडापासून दुसऱ्याकडे नेतात आणि तो दर तिसऱ्या झाडाला चुकतो. कालचा त्याचा सातवा गुरुवार होता. दुपार टळली तरी दोघं वर येईनात. भात निवत होता, सुक्या मांसाची चरबी थिजून पांढरी झाली होती. मी हाक मारायला दारात गेलो तर खालून कूचा आवाज आला, "हे, भाऊ, हे तरी नक्की!"

आणि मग थानभाऊ ओरडले, इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या उतारावरची बाई मान वर करून बघू लागली.

"पुन्हा! पहिल्यापासून!"

मी आत आलो आणि भात परत चुलीवर चढवला.