सोजरबाईच्या दारी जाणारी घागर

आषाढ सरत आला होता. शाळेत शिकवायला निघायच्या घाईत असताना दादाचा फोन आला. "माय गेली गं," एवढंच तो म्हणाला. मला लगेच रडू आलं नाही. मनात पहिला विचार आला तो असा, की आता श्रावणी सोमवारी ती घागर डोक्यावर घेऊन गल्लीतून कुणी जाणार नाही... सुटलो एकदाचे! आई गेल्याच्या बातमीवर मुलीला सुटल्यासारखं वाटावं, याची लाज मला गेले काही आठवडे खाते आहे.

माय देवाची वेडी. माझे वडील गावच्या दूध संस्थेचे चेअरमन, पण नारायणगडावर दर्शनाला जाताना पायथ्याशीच ती त्यांना सगळ्यांदेखत चप्पल काढायला लावी. "चेअरमन डेअरीत. गडावर न्हाई," म्हणे. श्रावणात दर रविवारी ती अनवाणी कपिलधारला जाई, तांब्याच्या घागरीत धबधब्याचं पाणी आणी आणि सोमवारी सकाळी गावातल्या महादेवाला घाली. त्या घागरीला आम्ही हातही लावायचा नाही.

मी नववीत असताना पाऊस असा रुसला की श्रावणातही टँकर सुरूच होते. कपिलधारला करंगळीएवढी धार उरली होती. तिच्याखाली बसून बसून मायनं घागर भरून आणली. त्याच वर्षी संस्थेनं गावातल्या काही बायकांना गाई दिल्या होत्या, त्यात सोजरबाई होती. ती आणि तिचा नवरा दरवर्षी ऊसतोडीला जायचे. औंदा दुधावर घर चालवायचं, कोयता हाती घ्यायचा नाही, म्हणजे पोरीची शाळा बुडणार नाही, असं तिनं ठरवलं होतं. त्या रविवारी टँकर आलाच नाही. दिवेलागणीला सोजरबाई रिकामी बादली घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

"वैनी, गाभण गाय बसलीय, उठंना. जरासं पाणी द्या."

आमचाही माठ तळाला गेला होता. माय एकदा देवघराकडे बघून म्हणाली, "हाय ते देवाचं पाणी हाय, सोजर. त्याला कसा हात लावू? सकाळी येईल की टँकर."

सोजरबाई तशीच बादली घेऊन परत गेली. सकाळी मायनं पिंडीवर धार धरली, मी बेलाचं ताट घेऊन शेजारी उभी होते. पाणी ओघळत गाभाऱ्याबाहेर गेलं आणि मातीत जिरलं. घरी येताना वाटेतच कळलं, गाय गेली. घागरभर पाण्यानं ती वाचली असती का, कोण जाणे. दसऱ्यानंतर सोजरबाई पोरीला घेऊन ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसली.

पुढच्या श्रावणापासून महादेवाला नुसता बेल. घागर घेऊन माय सोजरबाईच्या दारी जायची, गुरांना पाणी पाजायच्या रिकाम्या दगडी डोणीत ओतायची, हात जोडायची आणि परत यायची. सोजरबाई उंबऱ्यात बसून नुसती बघायची. ये म्हणायची नाही, नकोही म्हणायची नाही. नसलेल्या गाईला पाणी पाजते चेअरमनची बायको, म्हणून गल्ली हसायची. वडिलांनी वैतागून दुसरी गाय देऊ केली, ती सोजरबाईनं घेतली नाही. मी तर मैत्रिणींना श्रावणात गावी न्यायचंच टाळलं. पुढे दादाची मुलगी आजीचं बोट धरून त्या दारी जाऊ लागली. तिनं एकदा विचारलं, "आजी, यांची गाय कुठंय?" माय म्हणाली, "मी मारली." पोरीला ती गंमत वाटली, ती खो-खो हसली. मी मात्र मायवरच चिडले, "लेकरापुढं काहीही काय बोलतेस!"

यंदाच्या पहिल्या श्रावणी सोमवारी मी गावीच होते. दादानं विषय काढला नाही. शेवटी मीच घागर भरली, नळाच्या पाण्यानं. कपिलधारपर्यंत अनवाणी जाण्याइतकी भक्ती माझ्यात कुठली! गल्लीतून जाताना माझी मान वर होईना. सोजरबाई उंबऱ्यातच होती, आता पार वाकलेली.

"म्हातारी गेली. आता तू कशापायी आणलंस?"

"कुठं ओतू, मावशी?" मी विचारलं.

तिनं डोणीकडे बोट दाखवलं नाही. दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. मी धार धरली. ती घटाघटा प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि घागरीकडे बघत म्हणाली,

"पहिल्यांदा लई राग व्हता. मागून सोमवारची वाट बघायची सवय लागली. तिच्या म्होरं प्याले असते, तर तिचं यायचं सपलं असतं ना."

मायला हे कधीच कळलं नाही. तिची कुणी वाट बघतं, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि मी, तिची पोटची पोर, तिचं येणं-जाणं कधी एकदा थांबतं याची वाट बघत होते.

घागर आता बीडला माझ्या घरी ओट्यावर आहे. काल चिंचेनं घासली. निघताना सोजरबाईनं विचारलं होतं, "पुढच्या सोमवारी येशील का?" उद्या रविवार. मी कपिलधारला जाणार आहे, आणि चप्पल घरीच ठेवणार आहे.