जाहिरातीतला घरचा नंबर

आधीच सांगतो, अंगात येणं, दृष्ट लागणं या सगळ्याची मी जन्मभर टिंगलच केली. मणके बसवणारा माणूस मी... बोटांना लागतं तेवढंच खरं मानणारा. तरी हे लिहितोय.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, महाळुंगे पडवळचे हाडवैद्य. दाराला पाटी नाही, तरी दर गुरुवारी सकाळी ओसरी भरायची. नियम दोनच – उपाशीपोटी यायचं आणि तिळाचं तेल ज्याचं त्यानं घरून आणायचं. नव्वदच्या दशकात घरी फोन आला. अण्णा तो उचलून हॅलो कधीच म्हणाले नाहीत. एकच वाक्य, "कुठं दुखतंय ते हाताला कळंल, कधीपास्नं ते सांग." मी आणि ताई त्यांची नक्कल करून पोट धरून हसायचो. तिळाच्या तेलाचा वास आला की अजून गलबलतं.

मला मात्र त्यांनी एकाही पेशंटला हात लावू दिला नाही. "तुजा हात जड हाय," एवढंच. मी चिडून मुंबई गाठली, तिथे कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातानं मणके बसवण्याचं शास्त्र, शिकलो. ते शिकून होईस्तोवर अण्णा गेले. पुढे घरचा फोनही आम्ही बंद करून टाकला.

२००७ च्या सुमारास नारायणगावात क्लिनिक टाकलं. बोर्ड, टेबल सगळं झकास, फक्त पेशंट नाहीत. अण्णांकडे येणारी माणसं दारापर्यंत यायची, बोर्ड वाचून माघारी जायची. बोलावून आणलेल्याला गुण येत नाही, असं अण्णा म्हणायचे. लोकांनी ते वेदवाक्य मानलं होतं, आणि बोर्ड लावणं म्हणजे बोलावणंच. सहा महिने माशा मारल्यावर ठरवलं, दिवाळीपर्यंत बघायचं, नाहीतर कुलूप लावून मुंबईला नोकरी. शेवटचा उपाय म्हणून सायबर कॅफेत बसून एका फुकट जाहिरातींच्या साइटवर क्लिनिकचा पत्ता आणि फोन टाकला.

पुढच्याच गुरुवारी ओतूरच्या एक मावशी कंबर धरून आल्या. हातात तेलाची बाटली. म्हणाल्या, उपाशी आलेय. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं इंटरनेटवर जाहिरात बघून त्यांना नंबर दिला होता, त्यांनी एसटीडी बूथवरून फोन केला होता. तेल आणायला कुणी सांगितलं, मी विचारलं.

"फोनवर म्हातारं मानूस व्हतं की. हॅलो न्हाई, काय न्हाई... म्हनलं, कुठं दुखतंय ते हाताला कळंल, कधीपास्नं ते सांग."

कसंबसं त्यांचं काम उरकलं आणि थेट सायबर कॅफेत गेलो. जाहिरात उघडली. वर्षानुवर्षांच्या सवयीनं मी मोबाइलऐवजी घरचा जुना नंबर टाकला होता! तिथूनच तो लावून पाहिला – हा क्रमांक अस्तित्वात नाही. टेलिफोन ऑफिसात विचारलं, तो नंबर कुणालाच दिलेला नव्हता. त्या आठवड्यात आणखी दोघं आले. दोघंही उपाशी, दोघांकडे तेल.

पुढच्या गुरुवारी मावशी ताठ चालत आल्या. न राहवून विचारलं, फोनवर ते आणखी काही बोलले का?

"म्या इचारलं, तुमीच बगनार ना? तर म्हनले, पोरगं बगंल. लई हलका हात हाय त्याचा, बिनघोर जा."

मी पडद्यामागे जाऊन रडलो. हे एक वाक्य अण्णांच्या तोंडून वेळेत ऐकलं असतं, तर मी मुंबईला गेलोच नसतो. क्लिनिक आजही चालू आहे. त्या फोनचा उलगडा मला अजून झालेला नाही. जाहिरातीतला नंबर मात्र ती साइट बंद पडेपर्यंत मी बदलला नाही.