बिनसाखरेचा केक आणि माझं बोट

आख्ख्या मुरबाड तालुक्यात मैदा जिला घाबरतो अशी एकच बाई आहे, आणि ती नेमकी माझ्या लेकीची सासू निघाली. पुस्तकात तिला विहीणबाई लिहितात, आमच्यात ईनबाई बोलतात. मी काय पुस्तकातला माणूस नाय. चौथीत तीन वर्षं बसलो, चौथ्या वर्षी मास्तरच बदली मागून गेले. आता धसई ते मुरबाड टमटम चालवतो, आणि चढाला तीपण माझ्यासारखीच धापा टाकते. म्हणून आधीच सांगतो, सांगण्यात काय चुकलं तर ते माझं, आणि केकचं जे काय चुकलं तेपण माझंच. ईनबाईंचं काय चुकत नाय, हे आमच्या दोन्ही घरांना पाठ आहे.

मैद्याशी त्यांचं नक्की कधी बिनसलं ते कोणाला माहीत नाय. पण वैशाखरे गावात एका लग्नात नवरदेवाच्या मामानं प्रेमानं पुढं केलेली नानकटाई त्यांनी नाकाजवळ नेली, वास घेतला, आणि भर मांडवात बोलल्या, "ही भिंतीला पोस्टर चिकटवायची खळ आहे. पोटात काय इलेक्शन लावायचंय?" मामा अजून मला रस्त्यात दिसला की तोंड फिरवतो, जसं काय ते मीच बोललो. बाई कुठंपण जाऊ दे, लग्नाला, बारशाला, नायतर मयताला, कमरेच्या पिशवीत स्वतःची नाचणीची भाकरी असतेच. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला मी हौसेनं मुरबाडच्या बेकरीतून गुलाबी केक आणला. एक हात हँडलवर, एक हात केकवर, असा सगळा रस्ता आलो. खड्ड्यात टमटम आपटली तर चालेल, केक आपटला नाय पायजे. घरी पोचलो तर ईनबाईंनी उलथनं घेतलं, वरचं सगळं क्रीम खरवडून एका ताटलीत काढलं आणि विचारलं, "हा दाढीचा साबण कोणाचा?" माझी दाढी चार दिवसांची वाढलेली. आख्खं घर माझ्याकडं बघायला लागलं.

आता तुमी विचाराल, भातशेतीवाल्या घरातल्या बाईचा आणि केकचा काय संबंध. तर ईनबाई अठरा वर्षं चर्चच्या सिस्टर लोकांच्या वसतिगृहात भाकऱ्या थापतात. तिथंच एक छोटा दवाखाना आहे, आणि तो चालवणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टरला आजूबाजूच्या गावांत नाव घेऊन कोणी हाक मारत नाय, नुसतं सिस्टर. मूळची लांब दक्षिणेकडची, पण आमची भाषा आमच्यापेक्षा गावठी बोलणार. "काय रं बाला, गोळी घेतली का नाय? का बैलाला घातली?" असं साठीच्या माणसालापण विचारणार. माझी लेक तिच्याच हातात पहिल्यांदा रडली. मी बाहेर त्याच्या आधीपासून रडत होतो, मलाच पहिलं पाणी पाजलं तिनं.

दर नाताळला वसतिगृहात मुरबाडवरून केक यायचा. सिस्टर कापायची, एकेका पोरीला आपल्या हातानं भरवायची, शेवटी सुरी कापडाला पुसून ठेवून द्यायची. स्वतः एक कण खायची नाय, कारण तिला साखरेचा आजार. हे ईनबाई अठरा वर्षं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. गेल्या पावसाळ्यात कळलं, सिस्टरचं वय झालं, नवीन वर्ष लागलं की तिला वसईकडं, त्यांच्या म्हाताऱ्या सिस्टर लोकांच्या घरी नेणार. त्या दिवशी ईनबाई घरी आल्या, चूल न पेटवता बसून राहिल्या, आणि मग बोलल्या, "जायच्या आधी तिनं केक खाल्ला पायजे. दुकानचा नाय. माझ्या हातचा."

झालं. दिवाळी संपली आणि तालीम चालू झाली. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळायची. त्यात तांदळाचा रवा, शेंगदाण्याचं कूट, आणि पावसाळ्यापासून माळ्यावर टांगलेली पिकलेली मोठी काकडी किसून. कार्तिक-मार्गशीर्षात घरात अंडं चढत नाय, म्हणून आंबट ताक आणि चिमूटभर सोडा. पातेलं निखाऱ्यावर, झाकणावर परत निखारे. ओव्हन असा शब्द मी एकदा काढला तर बोलल्या, "आमच्या आजीच्या टायमाला काकडीचा गोड रोट असाच व्हायचा. फक्त त्याला केक बोलायची अक्कल कोणाला नव्हती." घड्याळ नाय. वास अंगणाच्या कुंपणापर्यंत पोचला की पातेलं उतरवायचं, हा हिशोब. पहिल्या दिवशी कुंपणाजवळ मला उभं केलं, वास आला की हाक मारा बोलल्या. मला आठ दिवसांची सर्दी. मुलीचा बाप, सांगणार कसं? उभा राहिलो. शेजारची म्हैस दावं ओढून निघून गेली, धूर दिसला, तरी माझ्या नाकाला काय पत्ता नाय. त्या दिवसाचा केक अजून आमच्या गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलाय, हलत नाय.

खरी गंमत पुढंच. मलापण साखर आहे. कुठलीच परीक्षा पास झालो नाय, पण या आजारात मी पहिल्या नंबरात आलो. ईनबाईंनी ठरवलं, सिस्टरला द्यायच्या आधी केक माझ्यावर करून बघायचा. "व्याही, तुमाला काय झालं तर आमी आहोत. तिला काय झालं तर गावाला कोण आहे?" माझी लेक आशाताईचं काम करते, तिच्याकडं बोट टोचायचं मशीन. ठरलं असं की मी काडेपेटीएवढा तुकडा खायचा, दोन तासांनी लेक बोट टोचणार, ईनबाई चष्मा लावून आकडा वाचणार. मला विचारायचं काय कारणच नव्हतं, बोट तेवढं माझं.

पहिला नीट जमलेला केक गुळाचा. काय केक होता तो. मी काडेपेटीएवढ्या तुकड्यावर थांबलो, एवढंच माझं आयुष्यातलं पुण्य. दोन तासांनी मशीननं आकडा दाखवला तो बघून लेक बोलली, "आई, गुळानंपण वाढते. साखर आणि गूळ सख्ख्या बहिणी आहेत." ईनबाईंना हे पटेना. "साखर कारखान्यातली. गूळ आपला, घरचा. आपलं आपल्याला कसं बाधेल?" लेक बोलली, "बाबा पण घरचेच आहेत, बाधतातच ना?" त्यावर ईनबाई पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसल्या आणि गुळाचा डबा वर ठेवला. मग गूळ अर्धा केला, मग पाव केला, मग बंदच. गोडीला डोंगरावरच्या वाडीतल्या एका बाईकडून मोहाची सुकी फुलं आणली, मूठभर. भिजवली की मनुक्यासारखी फुगतात. मोह म्हटल्यावर मी हळूच फुलं जास्त असलेला तुकडा उचलला, काय चढलं नाय. पण चव अशी की खाताना गोड लागत नाय, खाल्ल्यावर कुठून तरी गोड येतं. माझी सात बोटं टोचून झाली होती, आठव्याला मी स्वतःच हात पुढं केला.

आणि आठव्यालाच घात झाला. मशीननं असा आकडा दाखवला की लेकीनं दोनदा परत टोचलं. ईनबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत आकडा बघितला. मग उरलेला केक कोंबड्यांना टाकला. "नाय जमायचं. बिनगुळाचापण वाढवतो. तिनं आपलं बघतच बसायचं." वसतिगृहात निरोप धाडला, मुरबाडवरून केक मागवून घ्या. नाताळला पाच दिवस राहिले होते.

मी घरी आलो. जेवण गेलं नाय, आणि एरवी ते ताप आला तरी जातं. कारण खरी गोष्ट मला एकट्याला माहीत होती. त्या दिवशी धसईचा बाजार. टमटमवाले आमी चार जण कढईजवळ उभे होतो, आणि केकचा तुकडा खायच्या अर्ध्या तासाआधी मी पाव किलो जिलेबी मारली होती. गरम. वर परत पाकाचा द्रोण चाटला होता. वाटलं, केकच्या आधीचं कोण मोजतंय.

दोन दिवस मी तोंड लपवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. ईनबाई अंगणात सुपात तांदूळ पाखडत होत्या.

"ईनबाई, केक चांगला होता."

"होता तर कोंबड्यांना का घातला?"

"केकनं नाय वाढली. मी जिलेबी खाल्ली होती."

सूप थांबलं. "किती?"

"दोन-चार वेढे."

"व्याही."

"पाव किलो."

"आणि?"

"पाक."

मला वाटलं आता सूप डोक्यात बसतंय. नाय. त्या सूप खाली ठेवून उठल्या आणि आत गेल्या, मी ऐकतोय तर भांड्यांचा आवाज. नाचणीचा डबा उघडत होत्या. आतूनच लेकीला बोलल्या, "गो, तुझ्या बापाची चप्पल उचलून ठेव. उद्यापर्यंत हा माणूस अंगणाबाहेर जाता कामा नये." रात्री भाकरी, भाजी, ताक. सकाळी तेच. नातीला माझ्या पाळतीवर बसवलं, ती अडीच वर्षांची, पण आजीची नात. मी खिशात हात घातला तरी "आजी, आजोबा काय काढतो" म्हणून ओरडायची. दुपारी तुकडा दिला, दोन तासांनी टोचलं. आकडा वाचून लेक हसली. ईनबाई हसल्या नाय. मुरबाडला दुसरा निरोप पाठवायचा तर कोणाला पाठवणार, मलाच चप्पल परत मिळाली. दुकानचा केक रद्द करून आलो. येताना कढईकडं बघितलं नाय, हे माझ्या तोंडानं सांगायची वेळ आली यातच सगळं आलं.

नाताळच्या दिवशी वसतिगृहात टेबलावर तो केक ठेवला. काळपट, बसका, वर ना क्रीम ना चांदी, नुसती मोहाची चार फुलं. पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. सिस्टरनं नेहमीसारखा कापला, सगळ्यांना भरवला, आणि सुरी पुसायला कापड उचललं. तेव्हा अठरा वर्षांत पहिल्यांदा ईनबाई स्वयंपाकघराच्या दारातून पुढं आल्या. हातात बशी, बशीत काडेपेटीएवढा तुकडा.

"तुमी पण खायाचा."

"गो बाय, मला चालत नाय, तुला ठाव हाय."

"चालतो. या माणसावर नऊ वेळा केलाय. अजून जिवंत हाय, बघा."

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. मी दहा बोटं वर केली. तिनं लेकीला विचारलं, आत काय काय आहे, आकडे किती आले, सगळं नीट ऐकून घेतलं, दवाखान्यात ऐकते तसं. मग तुकडा उचलला. खाल्ला. डोळे मिटून बसली, आणि आमाला कोणाला कळेना की दात दुखतोय का काय. मग बशी पुढं करून बोलली, "अजून एक दे."

आख्ख्या जन्माची मेहनत ज्या एका वाक्यासाठी, ते आलं. आणि ईनबाई काय बोलल्या ऐका. बोलल्या, "नाय. एकच."

सिस्टर हसता हसता खोकली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी छाती एवढी फुगवून उभा होतो की बघणाऱ्याला वाटावं, केक मीच केलाय. खरं सांगतो, लेक पास झाली तेव्हा, टमटम घेतली तेव्हा, असा रुबाब मला कधी आला नव्हता. माझ्या बोटांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी कामाचं केलं.

नवीन वर्षात सिस्टरला आसनगाव स्टेशनपर्यंत मीच सोडलं. एक ट्रंक, एक छत्री, आणि मांडीवर ईनबाईंनी धाडलेला डबा. टमटममध्ये तिनं मला विचारलं, "ती का नाय आली रं?" मी बोललो, "नाचणी वाळत घातलीय. चिमण्या खातात, बसून हाकलायला लागतं." सिस्टर बोलली, "बरोबर हाय. बसू दे." आणि पुढं सगळा रस्ता बाहेर बघत बसली.

परत येताना मी ईनबाईंच्या घरावरून आलो. त्या अंगणात बसलेल्या, हातात काठी, पुढं जुनं लुगडं पसरलेलं. जवळ गेलो तर लुगड्यावर नाचणीचा एक दाणा नव्हता. त्या तरी काठी हलवत होत्या. मला चार विनोद सुचले, सगळे चांगले होते. मी कुठलाच केला नाय. चप्पल काढली, लुगड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो, आणि उन्हं कलंडेपर्यंत आमी दोघांनी मिळून चिमण्या हाकलल्या.